लोखंड जाळायचं, गंज जपायचा

ग्राइंडरवर लोखंडी पट्टी घासताना उडणाऱ्या ठिणग्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. पिवळ्या-केशरी रेषा वाकत जातात, काही टोकाला फुटून चांदणीसारख्या पसरतात आणि विझतात. घर्षणाने लाल झालेले कण उडतात आणि गार होतात, एवढंच बहुतेकांना वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एकदा ग्राइंडरखाली साचलेल्या काळ्या धुळीतून लोहचुंबक फिरवला, त्याला चिकटलेली भुकटी पांढऱ्या कागदावर झटकली आणि भिंगाखाली धरली. कुरळ्या, दातेरी किसात मधूनमधून अगदी गोल, गुळगुळीत काळे मणी दिसत होते.

पट्टीतून खरवडून निघालेला तुकडा गोल असूच शकत नाही. गोल व्हायला तो आधी वितळून थेंब व्हावा लागतो. चाकाच्या घर्षणाने कण लालबुंद होतो हे खरं, पण वितळण्याएवढी उष्णता त्याला हवेत उडाल्यावर, तिथल्या ऑक्सिजनशी संयोग होताना मिळते. म्हणजे ती ठिणगी जळत असते. लोखंड हे इंधन आहे. सूर्य-वाऱ्याची वीज साठवून ठेवायला ते कामी येईल का, हा या लेखाचा मूळ प्रश्न.

मग लोखंडी सळई किंवा तवा का पेटत नाही? कारण आग पृष्ठभागावर लागते. एक किलो लोखंडाचा घन ठोकळा केला तर त्याची बाजू जेमतेम पाच सेंटिमीटर भरते आणि सगळ्या बाजू मिळून दीडशे चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग हवेला लागतो. तेवढ्याच लोखंडाचे ४० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बारीक गोळे केले, तर पृष्ठभाग होतो सुमारे १९ चौरस मीटर. हजार पटींहून जास्त. ठोकळ्यात बाहेरची उष्णता आतल्या धातूत मुरून जाते. बारीक कणाला आतच नसतं म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तो क्षणात तापतो आणि धडधडून जळतो.

लाकूड घासायला वापरतात ती बारीक लोखंडी लोकर तराजूच्या पारड्यात ठेवून पेटवली, तर अजून एक गोष्ट दिसते. लाल किनार तारेतारेवरून सरकत जाते, धूर जवळजवळ नाही, आणि पारडं वर न जाता हळूहळू खाली जातं. लाकूड किंवा कोळसा जळून हलका होतो, कारण त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो. लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सगळं उत्पादन जागच्या जागी घन रूपात राहतं. एक किलो लोखंड पूर्ण जळलं की १.४३ किलो ऑक्साइड मिळतं. रासायनिकदृष्ट्या हा गंजाचाच सख्खा भाऊ. ओलाव्याने धरलेल्या गंजात पाण्याचाही अंश असतो, यात तो नसतो. यापुढे सोयीसाठी मी त्याला गंजच म्हणेन.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सूर्य आणि वारा यांची वीज स्वस्त होत गेली, पण ती हवी तेव्हा आणि हवी तिथे मिळत नाही. दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायची तर लिथियमच्या बॅटऱ्या उत्तम. घातलेल्या विजेपैकी ८५ ते ९० टक्के वीज त्या परत देतात. पण उन्हाळ्यातली वीज हिवाळ्यासाठी ठेवायची असेल, किंवा एका खंडातलं ऊन दुसऱ्या खंडातल्या कारखान्याला पुरवायचं असेल, तर बॅटरीचं गणित कोलमडतं. वर्षातून एकदाच भरायची आणि एकदाच रिकामी करायची बॅटरी कोणालाच परवडणार नाही. कोळसा आणि तेल यांची खरी ताकद इथे आहे. ढीग घाला, टाकी भरा, सहा महिने विसरा.

हायड्रोजन हे याचं नेहमी सुचवलं जाणारं उत्तर. पाण्यात वीज सोडून तो मिळतो आणि जळला की पुन्हा पाणी होतो. वजनाच्या हिशेबात तो अफाट आहे, पण जागेच्या हिशेबात फार अडचणीचा. द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंश सेल्सियसला, आणि तरीही लिटरमागे ८.५ मेगाज्यूल एवढीच ऊर्जा (३.६ मेगाज्यूल म्हणजे विजेचं एक युनिट). वायुरूपात हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ७०० पट दाबाखाली कोंबला तर लिटरमागे पाचच्या आसपास. डिझेलच्या एका लिटरमध्ये ३६ मेगाज्यूल असतात.

लोखंडाची भुकटी लिटरमागे २५ ते ३० मेगाज्यूल देते. साध्या तापमानाला, साध्या दाबाला, कोरड्या बंद टाकीत. पंचवीस टनांचा एक ट्रक भरून भुकटी नेली तर सुमारे ५० हजार युनिट उष्णता वाहून नेली जाते.

वजनाच्या बाजूने मात्र लोखंड मार खातं, आणि हे आधीच सांगून टाकायला हवं. किलोमागे ते ७.४ मेगाज्यूल देतं, डिझेल ४३. मोटारीच्या ४५ लिटर टाकीतली ऊर्जा लोखंडात भरायची तर सव्वादोनशे किलो भुकटी लागेल, आणि जळत जाईल तशी ती कमी व्हायच्या ऐवजी तीनशे किलोंच्या पुढे जाईल. म्हणून मोटार आणि विमान विसरून जायचं. जे एका जागी पक्कं उभं आहे, त्याच्यासाठी हे इंधन आहे: कारखान्याचा बॉयलर, वीज केंद्र, शहराला गरम पाणी पुरवणारी यंत्रणा.

लोखंडच का, असंही कोणी विचारेल. ॲल्युमिनियम किलोमागे ३१ मेगाज्यूल देतं, म्हणजे लोखंडाच्या चौपटीहून जास्त. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या दोन्ही बाजूंच्या घन इंधनाच्या रॉकेटांत वजनाने १६ टक्के ॲल्युमिनियमची भुकटीच होती, तेव्हा धातू इंधन म्हणून वापरणं ही काही नवी कल्पना नाही. पण रॉकेटला आपली राख परत गोळा करायची नसते. आपल्याला करायची आहे, आणि तिथेच सगळा फरक पडतो.

ॲल्युमिनियम सुमारे अडीच हजार अंशांना उकळतं आणि त्याची ज्वाला ३,००० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे जळताना धातूची वाफ होते, ती कणाच्या बाहेर हवेत जळते आणि तिथे ऑक्साइडचा पांढरा, धुरासारखा अतिसूक्ष्म चुरा तयार होतो. तो फिल्टरमध्ये नीट सापडत नाही. मॅग्नेशियम तर १,१०० अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे तिथेही हाच त्रास. लोखंडाचा कण जळताना २,००० अंशांच्या आसपास पोचतो, आणि लोखंड उकळायला २,८६० अंश लागतात. म्हणून ते वितळतं, पण बहुतांशी वाफ होत नाही. ऑक्सिजन बाहेरून थेंबात शिरतो, ऑक्साइड त्या थेंबातच तयार होतं आणि थेंब गार होऊन मणी होतो. ग्राइंडरखाली सापडलेला तो काळा मणी म्हणजे हीच सगळी प्रक्रिया गोठलेली. चाळीस मायक्रॉनचा कण जळून थोडा मोठा कणच झाला, तर तो भोवऱ्यासारखी हवा फिरवून बाजूला काढणाऱ्या सायक्लोनमध्ये आणि त्यामागच्या फिल्टरमध्ये पकडता येतो. थोडा सूक्ष्म धूर लोखंडाचाही होतो, पण तो कमी ठेवता येतो. माझ्या मते लोखंडाच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट हीच आहे. किती उष्णता मिळते याहून, राख हातात राहते का, हा प्रश्न मोठा आहे.

अशी ज्वाला समजून घेणं सोपं नव्हतं. गॅसच्या ज्वालेत इंधन आणि हवा एकजीव झालेली असते. लोखंडाच्या धुळीच्या ढगात मात्र प्रत्येक कण ही वेगळी शेगडी. एक पेटतो, त्याची ऊब शेजाऱ्यापर्यंत पोचते, मग तो पेटतो. आग कणाकणाने उड्या मारत पुढे जाते. हे प्रयोगशाळेत निवांत पाहायचं तर अडचण अशी की लोखंडाचे कण जड, ते खाली बसतात. म्हणून कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपीय अंतराळ संस्थेबरोबर हा प्रयोग थेट रॉकेटवर चढवला. स्वीडनच्या उत्तरेला किरुनाजवळच्या एसरेंज तळावरून २०१७ आणि २०१९ साली संशोधन रॉकेटं सोडली गेली. काही मिनिटांच्या भारहीन अवस्थेत लोखंडाची भुकटी काचेच्या नळ्यांत तरंगत ठेवून पेटवली आणि ज्वालेची चाल कॅमेऱ्यात टिपली. बॉयलरचा बर्नर बनवायला अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत जावं लागलं, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

जमिनीवरचं काम नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठाने पुढे नेलं. तिथल्या ‘सॉलिड’ नावाच्या विद्यार्थी गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली १०० किलोवॅटची यंत्रणा २०२० साली लीसहाउट गावच्या स्विंकल्स कंपनीच्या बिअर कारखान्यात बसवली गेली. लोखंड जाळून वाफ काढायची आणि ती वाफ कारखान्याच्या कामाला लावायची. यंत्रणा लहानच होती, पण एका चालू उद्योगाला लागणारी उष्णता लोखंडातून मिळाली. त्याच गटातून निघालेली ‘रिफ्ट’ ही कंपनी आता मोठे बॉयलर बनवण्याच्या मागे आहे. जर्मनीत डार्मश्टाटचं तंत्रज्ञान विद्यापीठ जुनी कोळशाची वीज केंद्रं लोखंडावर चालवता येतील का, याचा अभ्यास करतं आहे.

इथपर्यंत वाचून ‘जमलं की’ असं वाटेल. पण जाळणं हा या गोष्टीतला सोपा भाग आहे. अवघड भाग गंजाचं पुन्हा लोखंड करण्याचा.

लोखंड जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, निदान तेवढी तरी परत घातल्याशिवाय ऑक्सिजन त्याला सोडत नाही. माणूस हे काम हजारो वर्षं कोळशाकडून करून घेत आला. झोतभट्टीत कार्बन खनिजातला ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. जगात माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात पोलाद उद्योगाचा वाटा सात-आठ टक्के आहे तो यामुळेच. तेव्हा बाजारातलं नेहमीचं लोखंड आणून जाळलं आणि फेकलं, तर काहीच साधत नाही. कोळसा आपण नुसता दुसऱ्या गावी जाळला एवढंच. चक्र पूर्ण व्हायला हवं आणि ते कार्बनशिवाय व्हायला हवं.

त्यासाठी हायड्रोजन वापरतात. तापलेल्या गंजावरून हायड्रोजन सोडला की तो ऑक्सिजन ओढून घेतो, पाण्याची वाफ निघते आणि मागे लोखंड उरतं. शालेय पुस्तकातलं ‘क्षपण’ ते हेच. एक किलो लोखंड परत मिळवायला हिशेबाने ५४ ग्रॅम हायड्रोजन लागतो. तो पाण्यापासून काढायला आजच्या इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राला, पावणेतीन ते तीन युनिट वीज लागते. भट्टी तापती ठेवायची उष्णता आणि इतर गळती धरली की आकडा साडेतीनच्या आसपास जातो. बदल्यात त्या किलोतून मिळते दोन युनिट उष्णता. तिची वाफ करून टर्बाइन फिरवलं, तर त्यातून वीज होते सुमारे ०.८ युनिट.

साडेतीन युनिट घातले, पाऊणहून थोडं जास्त परत आलं. चौथा हिस्सा, तोही जेमतेम. बॅटरीच्या ८५ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला की अनेक जण इथेच हात झटकतात. मला तो नकार घाईचा वाटतो, पण आकडा लपवणं त्याहून वाईट. वीज रात्रीपुरती साठवायची असेल तर लोखंडाचा विचारही करू नये. उष्णता हवी असेल तर चित्र बदलतं: साडेतीन युनिटांतून दोन, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास. दूध पावडर, कागद, रसायनं, कापड रंगवणं, असल्या उद्योगांना विजेपेक्षा वाफच जास्त लागते. आणि ज्या वाळवंटातली दुपारची वीज घ्यायला कोणी नाही, जिथे सौर पॅनेल बंद ठेवावे लागतात, तिथे तुलना बॅटरीशी करायची की वाया जाणाऱ्या विजेशी, हा प्रश्न विचारायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पिलबारासारख्या भागात कडक ऊनही आहे आणि लोहखनिजही; तिथे गंजाचं लोखंड करायचं आणि जहाजाने ते ढगाळ देशांत न्यायचं, असा विचार म्हणूनच पुढे येतो.

भट्टीतली खरी डोकेदुखी चिकटण्याची आहे. क्षपण वेगाने व्हावं म्हणून तापमान वाढवावं, तर ६००-७०० अंशांच्या वर नुकतेच लोखंड झालेले कण एकमेकांना धरायला लागतात. त्यांच्या पृष्ठभागावर बारीक लोखंडी केस उगवतात, ते एकमेकांत गुंततात आणि भुकटीचं ढेकूळ होतं. खालून वायू सोडून भुकटी उकळत्या पाण्यासारखी खळखळत ठेवायची पद्धत इथे नेमकी ठप्प होते. तापमान कमी ठेवावं तर वेळ वाढतो आणि यंत्र मोठं करावं लागतं. या दोन्हींच्या मधली वाट शोधण्यात आज सगळ्यात जास्त डोकी अडकली आहेत.

आवाक्याचाही अंदाज घेऊ. १,००० मेगावॅटचं वीज केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास लोखंडावर चालवायचं तर दिवसाला सुमारे २९ हजार टन भुकटी लागेल. चांगल्या प्रतीचा कोळसा ९ हजार टनांत भागवतो. आणि संध्याकाळी साधारण ४२ हजार टन गंज उचलून न्यावा लागेल. चार हजार टनांची मालगाडी धरली तर सात-आठ गाड्या आत आणि दहा-अकरा बाहेर, रोज. कोळशाच्या केंद्राचा बॉयलर, टर्बाइन, वीजवाहिन्या, रूळ या सगळ्याचा पुन्हा उपयोग होईल हे खरं, पण राख वाहणारी व्यवस्था नव्यानेच उभारावी लागेल, कारण आता राख हाच सगळ्यात मौल्यवान माल. एक दिलासा असा की हे लोखंड वर्षानुवर्षं नवं खणावं लागत नाही. एक फेरी महिन्यात पूर्ण होत असेल, तर असं केंद्र नऊ-दहा लाख टन लोखंडावर कायम चालू राहू शकतं. जगात वर्षाला १९० कोटी टनांच्या आसपास पोलाद तयार होतं, त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं तर हा आकडा आवाक्यातला वाटतो.

धोके आहेत. बारीक धातूची धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. ओलावा लागला तर ताजं, सच्छिद्र लोखंड आपोआप तापतं आणि हायड्रोजन सोडतं. स्पंज आयर्न, म्हणजे असंच सच्छिद्र लोखंड, वाहणाऱ्या जहाजांना हा धोका चांगला ठाऊक आहे, म्हणून असा माल नायट्रोजनच्या आवरणाखाली नेतात. शिवाय ज्वाला गरम असल्याने हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होऊ शकतात, ते आवरावे लागतात. यातलं काहीच अशक्य नाही, पण ‘लोखंड म्हणजे काय, पडू दे कुठेही’ असं मात्र नाही.

ओलाव्याचा हाच गुण काही जण कामाला लावतात. लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८० च्या दशकात लाल तापवलेल्या बंदुकीच्या नळीतून वाफ सोडून हायड्रोजन मिळवला होता: लोखंड गंजलं, पाण्यातला ऑक्सिजन त्याने घेतला, हायड्रोजन मोकळा झाला. झुरिकच्या ईटीएच संस्थेने आपल्या आवारात लोहखनिज भरलेल्या स्टीलच्या टाक्या बसवून हेच उलटसुलट करून पाहिलं आहे. उन्हाळ्यात सौर विजेच्या हायड्रोजनने खनिजाचं लोखंड करायचं, हिवाळ्यात त्यावर वाफ सोडून हायड्रोजन परत काढायचा. तिथे लोखंड टाकीबाहेर पडतच नाही, म्हणून वाहतूकही नाही आणि धूळही नाही. अमेरिकेतली ‘फॉर्म एनर्जी’ ही कंपनी तर ज्वालेला फाटा देऊन लोखंड-हवा बॅटरी बनवते. लोखंड सावकाश गंजू द्यायचं आणि त्यातून थेट वीज घ्यायची, तीही सलग शंभर तास.

जाळण्याच्या वाटेवर सध्या सगळ्यांचं लक्ष एका बारीक कणावर आहे. तो जळतो, वितळतो, मणी होतो. मग हायड्रोजनमध्ये त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि रिकाम्या झालेल्या जागी भोकं उरतात, मणी स्पंजासारखा होतो. पुन्हा जळतो, पुन्हा वितळून गोल होतो, काही वेळा आतून पोकळ. दर फेरीत काही कण तडकतात आणि त्यांचा चुरा फिल्टरमधून निसटायला बघतो. एकच कण दहा फेऱ्या टिकतो की शंभर, यावर फेरीमागचा खर्च ठरणार आहे. म्हणून प्रयोगशाळांत तीच भुकटी पुन्हा पुन्हा जाळून, पुन्हा पुन्हा लोखंड करून, दर वेळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली जाते.